बंद दाराची जाहीर सूचना

अमेरिकेचे केंद्र सरकार कामकाजाच्या प्रत्येक दिवशी 'फेडरल रजिस्टर' या नावाचे राजपत्र प्रसिद्ध करते. नवे नियम, नियमांचे मसुदे, अध्यक्षांचे आदेश यांच्या गर्दीत एका ठरावीक साच्याची सूचना तिथे वर्षानुवर्षे छापली जात आली आहे. समितीचे नाव, तारीख, वेळ, मेरिलँड राज्यातील बेथेस्डा येथील कार्यालयाचा पत्ता, संपर्क अधिकाऱ्याचे नाव आणि विषय : अनुदानासाठी आलेल्या अर्जांची छाननी व मूल्यमापन. बैठक जनतेसाठी बंद राहील, हेही त्यातच सांगितलेले असते. कारण असे की, अर्जांतून आणि त्यांवरील चर्चेतून पेटंटयोग्य माहिती, व्यापारी गुपिते किंवा संबंधित व्यक्तींचे खासगी तपशील उघड होऊ शकतात. थोडक्यात, बैठकीला येऊ नका, हे सांगण्यासाठी सरकार जनतेला पंधरा दिवस आधी जाहीर सूचना देते!

सूचना वाचून कोणालाही हसू येईल. पण या कोरड्या परिच्छेदावर जगातील सर्वांत मोठी सरकारी वैद्यकीय संशोधन-अनुदान व्यवस्था चालते. 'नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थ' अर्थात एनआयएच ही २७ संस्था व केंद्रांची मिळून झालेली यंत्रणा आहे. २०२४ या आर्थिक वर्षात तिच्या हाती सुमारे ४७ अब्ज डॉलर होते. यांतील ८० टक्क्यांहून अधिक रक्कम बाहेरच्या विद्यापीठांकडे, रुग्णालयांकडे आणि संशोधन संस्थांकडे जाते. ती कोणाला द्यावी आणि कोणाला देऊ नये, याचा पहिला, आणि आजवर बहुतेक वेळा निर्णायक ठरलेला, कौल त्या बंद दाराआडच्या बैठकीत लागतो. ज्या मराठी घरातील मुलगी, मुलगा, सून वा जावई अमेरिकेत जीवशास्त्रात किंवा वैद्यकशास्त्रात संशोधन करीत आहे, त्या घराला 'ग्रँट आली का?' हा प्रश्न नवा नाही. त्या प्रश्नाचे उत्तर या खोलीत ठरते. मात्र खोलीत नेमके काय चालते, ते घरच्यांना सोडाच, खुद्द अर्जदारालाही पुरते कधी कळत नाही.

सुरुवात १९४६ची

सरकारी पैसा कोणत्या संशोधनाला द्यावा, हे सरकारी अधिकाऱ्यांनी ठरवू नये, तर त्या विषयातील बाहेरच्या जाणकारांनी ठरवावे, या कल्पनेचे मूळ १९३७ सालच्या कर्करोग संस्था कायद्यात आहे. त्या कायद्याने राष्ट्रीय कर्करोग संस्था स्थापन झाली आणि तिच्याबरोबर बाहेरच्या तज्ज्ञांचे एक सल्लागार मंडळही आले. अनुदाने या मंडळाच्या शिफारशीने द्यायची होती. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात वैद्यकीय संशोधनाची कामे सरकारने विद्यापीठांना करारांनी दिली होती. युद्ध संपल्यावर त्यांतील उरलेले करार एनआयएचकडे सोपविण्यात आले. जानेवारी १९४६ मध्ये त्यासाठी वेगळे अनुदान कार्यालय उघडण्यात आले. त्या करारांत पेनिसिलिनच्या साहाय्याने उपदंशावर उपचार करण्यासंबंधीचे काम बरेच होते. त्यामुळे अर्जांची छाननी करणारा पहिला अभ्यासगट, म्हणजेच पहिले 'स्टडी सेक्शन', उपदंशाचेच होते. पुढे विषय वाढले, अभ्यासगट वाढले आणि १९९७ मध्ये या कार्यालयाचे 'सेंटर फॉर सायंटिफिक रिव्ह्यू' असे नामांतर झाले.

पहिली पंचवीसएक वर्षे या बैठका बंद असत त्या निव्वळ रिवाजाने. दार का बंद आहे, असे कोणी विचारीत नव्हते आणि त्यामुळे कोणी सांगतही नव्हते. चित्र बदलले ते १९७२ मध्ये. सरकारला सल्ला देणाऱ्या असंख्य समित्यांत उद्योगांची माणसे बसतात आणि आपल्याला हवा तसा सल्ला देतात, अशा तक्रारींवरून अमेरिकी काँग्रेसने सल्लागार समित्यांचा कायदा केला. बैठकांची सूचना आधी प्रसिद्ध करायची, जनतेला प्रवेश द्यायचा आणि इतिवृत्त ठेवायचे, असा नियम झाला. १९७६ मध्ये 'गव्हर्नमेंट इन द सनशाइन' हा, सरकारी कारभार सूर्यप्रकाशात आणू पाहणारा, कायदा आला. बैठक बंद कधी ठेवता येईल, याचे मोजके अपवाद त्याने घालून दिले. एनआयएचच्या सूचनेत दर वेळी उल्लेख असतो तो यांतील चौथ्या आणि सहाव्या अपवादाचा. चौथा व्यापारी गुपितांचा आणि सहावा खासगीपणाचा.

या दोन कायद्यांच्या मधल्या काळात एका खटल्याने प्रश्नाच्या वर्मावर बोट ठेवले. शिकण्यात अडचणी असलेल्या मुलांच्या वर्तनावर मानसोपचाराच्या औषधांचा काय परिणाम होतो, याविषयीच्या ११ संशोधन प्रकल्पांना सरकारी अनुदान मिळाले होते. मुलांवर नेमके काय प्रयोग होणार आहेत, हे जाणून घेण्यासाठी 'वॉशिंग्टन रिसर्च प्रोजेक्ट' या संस्थेने त्या अर्जांच्या प्रती मागितल्या. सरकारने नकार दिला. संशोधनाची आखणी हे व्यापारी गुपित आहे, असा सरकारचा युक्तिवाद होता. १९७४ मध्ये वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने तो फेटाळला. नफ्यासाठी काम न करणारा शास्त्रज्ञ व्यापार करीत नसतो. तेव्हा त्याच्या कल्पनेला व्यापारी गुपित म्हणता येणार नाही, असे न्यायालयाचे म्हणणे पडले. मंजूर झालेल्या अर्जांतील संशोधनाची माहिती त्यामुळे खुली झाली. परीक्षकांनी लिहिलेले अभिप्राय मात्र निर्णयापूर्वीचा अंतर्गत सल्ला ठरवून न्यायालयाने झाकलेलेच ठेवले.

आजची विभागणी याच निकालाच्या वळणाने गेलेली दिसते. ज्याला पैसे मिळाले त्याचे नाव, संस्था, रक्कम आणि संशोधनाचा गोषवारा एनआयएचच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येतो. ज्याला मिळाले नाहीत त्याचे नावही बाहेर येत नाही. परीक्षकाने काय लिहिले, हे दोघांच्याही बाबतीत फक्त अर्जदाराला कळते.

पंधरा मिनिटांचा न्याय

वर्षातून तीन फेऱ्या असतात. एनआयएचकडे वर्षाला सुमारे ८० हजार अर्ज येतात. त्यांतील सर्वांत प्रतिष्ठेचा प्रकार 'आर झीरो वन'. यात संशोधनाची आखणी बारा पानांत मांडावी लागते. त्या बारा पानांसाठी कित्येक महिने खर्ची पडतात. अर्ज कोणत्या अभ्यासगटाकडे जाणार, हे आधी ठरते. अभ्यासगटातील बहुतेक माणसे विद्यापीठांतील प्राध्यापक असतात. स्थायी सदस्यांची मुदत साधारणतः चार वर्षांची. मानधन दिवसाला २०० डॉलर. अर्ज वाचण्यात जाणारे आठवडे जमेस धरले, तर हे मानधन नाममात्रच म्हणावे लागेल.

प्रत्येक अर्ज तीन परीक्षकांकडे जातो. ते बैठकीच्या आधी लेखी अभिप्राय आणि प्राथमिक गुण नोंदवतात. गुण १ ते ९. इथे आपल्या परीक्षांच्या उलट हिशेब आहे : १ सर्वोत्तम, ९ सर्वांत वाईट. प्राथमिक गुणांच्या आधारे साधारण निम्मे अर्ज बाजूला काढले जातात. त्यांची बैठकीत चर्चाच होत नाही. कित्येक महिन्यांच्या श्रमांवर 'चर्चा झाली नाही' असा शेरा आलेला पाहणे, हा अमेरिकेतील तरुण संशोधकाच्या आयुष्यातील एक नेमाचा अनुभव आहे. लेखी अभिप्राय तेवढे त्याला मिळतात.

उरलेल्या अर्जांना प्रत्येकी पंधराएक मिनिटे मिळतात. तिघे परीक्षक आपले म्हणणे मांडतात, बाकीचे प्रश्न विचारतात, तिघे आपले अंतिम गुण बोलून दाखवतात आणि मग खोलीतील प्रत्येक सदस्य स्वतःचा गुण गुप्तपणे नोंदवतो. तिघांच्या गुणांच्या पल्ल्याबाहेर जाणाऱ्याने तसे सांगायचे असते. सर्वांच्या गुणांची सरासरी काढून तिला दहाने गुणले की १० ते ९० मधला एक आकडा मिळतो. त्याच अभ्यासगटाच्या चालू आणि आधीच्या दोन बैठकांतील अर्जांशी त्याची तुलना करून पर्सेंटाइल काढले जाते. हा शब्द आपल्याकडे प्रवेश परीक्षांमुळे घरोघरी पोहोचला आहेच. फक्त इथे तो जितका कमी तितका चांगला. राष्ट्रीय कर्करोग संस्थेने २०२४ मध्ये नेहमीच्या 'आर झीरो वन' अर्जांसाठी १० पर्सेंटाइलपर्यंत पैसे दिले होते. २०२५ मध्ये ही रेषा ४ वर आली. अशा वेळी एका सदस्याने २ ऐवजी ३ गुण दिले, तर एखादी प्रयोगशाळा बंद पडू शकते.

बैठकीला एक सरकारी अधिकारी असतो. सदस्य निवडणे, अर्ज वाटणे, नियम पाळले जातात की नाही ते पाहणे आणि शेवटी अभिप्रायांचा गोषवारा लिहिणे, ही त्याची कामे. त्याला गुण देण्याचा अधिकार नाही. अनुदान देणाऱ्या संस्थांचे अधिकारी येऊन बसतात, ऐकतात. त्यांनी चर्चेत भाग घ्यायचा नसतो. एखाद्या सदस्याचा अर्जदाराशी संबंध असेल, म्हणजे दोघे एकाच विद्यापीठात असतील, अलीकडे एकत्र शोधनिबंध लिहिला असेल, किंवा वैर असेल, तर त्या अर्जापुरते त्याने खोलीबाहेर जायचे. २०२० च्या साथीनंतर बहुतेक बैठका पडद्यावर होऊ लागल्या, तेव्हापासून अशा सदस्याला आभासी प्रतीक्षागृहात पाठवले जाते. पूर्वी बैठका वॉशिंग्टन परिसरातल्या हॉटेलांत भरत आणि बाहेर पाठवलेले नामवंत प्राध्यापक व्हरांड्यात कॉफीचे पेले घेऊन ताटकळत असत. त्या दृश्याला आता पारखे व्हावे लागले आहे.

सदस्यांची यादी मात्र गुप्त नसते. बैठकीपूर्वी सुमारे महिनाभर ती प्रसिद्ध होते. म्हणजे पंचवीस नावे अर्जदाराला ठाऊक असतात. त्यांतील आपले तीन परीक्षक कोण, हे कधीच कळत नाही. मग अभिप्रायाची भाषा, कोणत्या शोधनिबंधाचा उल्लेख नाही म्हणून परीक्षक रागावला आहे, यांवरून अंदाज बांधण्याचा उद्योग सुरू होतो. हे गोषवारे एके काळी गुलाबी कागदावर येत. जुनी माणसे अजूनही त्यांना 'गुलाबी कागद'च म्हणतात.

गुप्तता कोणासाठी?

या कुलपाचे समर्थन करणे अवघड नाही. परीक्षक हा त्या विषयातला जाणकार हवा, आणि जाणकार म्हणजे बहुधा अर्जदाराचा स्पर्धकच. अजून न झालेला प्रयोग, हाती आलेले पण अप्रकाशित निष्कर्ष, पुढच्या पाच वर्षांची दिशा हे सारे अर्जदार आपल्या प्रतिस्पर्ध्यासमोर उघडे करतो. ते त्या खोलीतच राहील, या विश्वासावर तो ते करतो. परीक्षकालाही संरक्षण हवेच. आज ज्याच्या अर्जावर कठोर अभिप्राय लिहायचा, तो उद्या आपल्या अर्जाचा परीक्षक असू शकतो.

हा विश्वास अधूनमधून तडकलाही आहे. छाननीच्या गोपनीयतेचा भंग झाल्याचे आढळल्यावरून एनआयएचने २०१७ च्या अखेरीस सुमारे ६० अर्जांची छाननी नव्याने करण्याचा निर्णय घेतला. पुढच्या दोन वर्षांत काही परीक्षकांनी गोपनीय अर्ज परदेशी, विशेषतः चीनमधील, सहकाऱ्यांना पाठवल्याच्या संशयावरून अनेक विद्यापीठांना पत्रे गेली. त्या मोहिमेत चिनी वंशाचे शास्त्रज्ञ सरसकट भरडले गेले, अशी टीका झाली आणि ती निराधार नव्हती. जून २०२३ मध्ये आणखी एक दार बंद करावे लागले. अर्जाचा अभिप्राय लिहिण्यासाठी कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांचा वापर करण्यास परीक्षकांना मनाई झाली. कारण तेच. अर्जातील मजकूर त्या यंत्राला पुरवला, की तो पुढे कुठे जातो यावर कोणाचाच ताबा राहत नाही.

पण कुलूप अर्जदाराच्या कल्पनेचे रक्षण करते, तसेच ते परीक्षकाच्या चुकीचेही करते. मारिओ कॅपेकी यांची हकिकत प्रसिद्ध आहे, ती त्यांनी स्वतःच सांगितल्यामुळे. १९८० मध्ये युटा विद्यापीठातून त्यांनी तीन भागांचा एक अर्ज एनआयएचकडे पाठवला. परीक्षकांना दोन भाग आवडले. सस्तन प्राण्यांच्या पेशींतील एखादे ठरावीक जनुक नेमके बदलण्याचा तिसरा भाग त्यांना अशक्यप्राय वाटला. तो सोडून द्यावा, असा सल्ला त्यांनी दिला. पैसे मिळाले आणि कॅपेकींनी त्यांतील बहुतेक तिसऱ्याच भागावर खर्च केले. चार वर्षांनी नूतनीकरणाच्या वेळी परीक्षकांनी, तुम्ही आमचे ऐकले नाही हे बरे झाले, अशा आशयाची कबुली दिली. २००७ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक त्याच कामासाठी त्यांना आणि अन्य दोघांना विभागून मिळाले. कॅटलिन कॅरिको यांचे नशीब इतके चांगले नव्हते. संदेशवाहक आरएनएवरील त्यांच्या कामाला नव्वदच्या दशकात अनुदान मिळेना. १९९५ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात त्यांची पदावनती झाली. कोविडच्या लसींनंतर, २०२३ मध्ये, त्यांना नोबेल मिळाले. त्यांचे अर्ज कोणी नाकारले, हे विचारण्याची सोय नाही. एका अर्थी ते बरेच आहे. नाहीतर धाडसी अर्जावर मत देण्याचे धाडसच कोणी केले नसते.

व्यवस्था सरसकट चुकते असेही म्हणता येत नाही. १९८० ते २००८ या काळात मंजूर झालेल्या एक लाख तीस हजारांहून अधिक अनुदानांचा अभ्यास २०१५ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आला. ज्या अर्जांना परीक्षकांनी चांगले गुण दिले होते, त्यांतून पुढे अधिक शोधनिबंध आणि अधिक पेटंटे निघाली, असे त्यात दिसले. अर्थात हा हिशेब मंजूर अर्जांपुरता. नाकारलेल्यांतून काय निघाले असते, ते कोण सांगणार? उलट बाजूने, विस्कॉन्सिन विद्यापीठातील अभ्यासकांनी २०१८ मध्ये ४३ परीक्षकांना २५ अर्ज वाचायला दिले. एकाच अर्जाविषयी परीक्षकांचे आपसांत जवळजवळ काहीच जुळले नाही. खऱ्या बैठकीत बाहेरच्यांना प्रवेश नसल्याने त्यांना अभ्यासासाठी खोटा अभ्यासगट भरवावा लागला, हेही नोंदवण्यासारखे आहे.

स्वीडनचा दाखला

दार थोडे उघडले तर काय दिसते, याचे उदाहरण अमेरिकेबाहेरचे आहे. स्वीडनमध्ये १७६६ पासून सरकारी कागद पाहण्याचा हक्क नागरिकाला आहे. गोथेनबर्ग विद्यापीठातील क्रिस्टिन वेनेरोस आणि अॅग्नेस वोल्ड या दोन संशोधिकांनी १९९५ च्या एका फेलोशिपच्या अर्जांवर परीक्षकांनी दिलेले गुण तेथील वैद्यकीय संशोधन मंडळाकडे मागितले. हे सरकारी दस्तऐवज नव्हेतच, असे म्हणून मंडळाने ते नाकारले. प्रकरण न्यायालयात गेले आणि न्यायालयाने ते द्यायला लावले. अर्जदार होते ११४ : पुरुष ६२ आणि स्त्रिया ५२. निवडले गेलेल्या २० जणांत स्त्रिया होत्या अवघ्या ४. दोघींनी प्रत्येकाच्या शोधनिबंधांचा हिशेब गुणांशी ताडून पाहिला. पुरुषाइतके गुण मिळवायला स्त्रीला सुमारे अडीचपट काम करावे लागत होते. शिवाय समितीतील एखाद्या सदस्याशी संबंध असणे हा एक स्वतंत्र फायदा होता. तो सदस्य त्या अर्जावर मत देत नसला तरीही. मे १९९७ मध्ये 'नेचर'मध्ये हे प्रसिद्ध झाले आणि देशोदेशींच्या अनुदान मंडळांना आपापल्या दाराआड डोकावणे भाग पडले.

अमेरिकेत असा धक्का बसायला २०११ उजाडले. ४० हजारांहून अधिक संशोधकांच्या २००० ते २००६ मधील अर्जांचा अभ्यास करून अर्थशास्त्रज्ञ डोना गिंथर आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, शिक्षण, प्रशिक्षण, प्रकाशने हे सारे समान धरले तरी गोऱ्या अर्जदारांच्या तुलनेत कृष्णवर्णीय अर्जदारांना अनुदान मिळण्याची शक्यता दहा टक्के-बिंदूंनी कमी होती. या अभ्यासासाठी माहिती एनआयएचनेच उपलब्ध करून दिली होती, हे तिच्या श्रेयाचे. पण फरकही लक्षात घ्यावा. स्वीडनमध्ये दोन नागरिकांनी दार ठोठावले होते आणि न्यायालयाने ते उघडून दिले. अमेरिकेत किल्ली संस्थेच्याच हाती होती, ती तिने स्वखुशीने दिली. उद्या दुसऱ्या कोणी दिली नाही तर?

चर्चा बंद असावी, हे प्रस्तुत लेखकाला मान्य आहे. पण दहा-पंधरा वर्षांनी, कल्पनांची नवलाई ओसरल्यावर, गुण आणि नावे पुसलेले अभिप्राय अभ्यासकांना मागण्याच्या हक्काने मिळावेत, यात कोणाच्या पेटंटाला धोका पोहोचेल असे वाटत नाही. आपल्याकडे माहितीच्या अधिकाराचा २००५ चा कायदा व्यापारी गुपितांना असाच अपवाद करतो, मात्र व्यापक जनहित असेल तर ते उघड करता येते, अशी सोय ठेवून. त्याच कायद्यातील चौथ्या कलमाने प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने आपल्या समित्यांच्या बैठका जनतेला खुल्या आहेत की नाहीत, हे आपणहून जाहीर करायचे आहे. प्रत्येक बंद बैठकीची तारीख आणि कारण राजपत्रात छापण्याची सक्ती मात्र आपल्या कायद्यात नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पूर्वसूरी संस्थेची पहिली बैठक नोव्हेंबर १९११ मध्ये मुंबईत, परळच्या प्लेग प्रयोगशाळेत, म्हणजे आजच्या हाफकिन संस्थेत झाली होती. सरकारी पैशाने होणाऱ्या वैद्यकीय संशोधनाचा इतिहास आपल्याकडेही शंभरी ओलांडून गेला आहे. त्यामुळे हा प्रश्न परका नाही.

सूचनाच थांबली तेव्हा

बंद दारापेक्षा त्यावरील सूचना किती मोलाची, हे २०२५ मध्ये कळले. जानेवारीत अमेरिकेत सत्तांतर होताच आरोग्य खात्याने बाहेर जाणाऱ्या सर्व प्रकारच्या मजकुरावर तात्पुरती बंदी घातली. 'फेडरल रजिस्टर'कडे जाणारे कागदही तीत आले. आता कायदा असा की, पंधरा दिवस आधी सूचना नाही तर बैठक नाही. सूचना थांबल्या आणि अभ्यासगटांच्या बैठका एकामागून एक रद्द झाल्या. अनुदाने रोखण्याच्या सरकारच्या अन्य आदेशांना न्यायालये स्थगिती देत होती. पण इथे अनुदान रोखल्याचा कोणताच आदेश नव्हता. केवळ राजपत्रात एक परिच्छेद छापला जात नव्हता. जनतेला माहिती मिळावी म्हणून केलेली तरतूदच जनतेचा पैसा अडवून धरण्याच्या कामी आली. फेब्रुवारीच्या अखेरीस बंदी अंशतः उठली. दुसऱ्या टप्प्यावरील सल्लागार मंडळांच्या बैठकांना आणखी काही काळ थांबावे लागले. काँग्रेसला उत्तरदायी असलेल्या सरकारी लेखा कार्यालयाने ५ ऑगस्ट २०२५ रोजी निर्णय दिला, की एनआयएचने मंजूर निधी बेकायदा रोखून धरला. या निर्णयात बैठकांच्या सूचना थांबवल्याचाही विचार केलेला होता.

दोनच दिवसांनी, ७ ऑगस्टला, अध्यक्ष ट्रम्प यांचा नवा आदेश निघाला. केंद्रीय अनुदानांना मंजुरी देण्यापूर्वी राजकीय नियुक्तीच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांनी ती तपासावीत आणि तज्ज्ञांच्या छाननीतील शिफारस हा केवळ सल्ला समजावा, असे त्यात म्हटले आहे. कायद्याच्या अक्षराने पाहता ती नेहमीच सल्ला होती. पण पर्सेंटाइलच्या रेषेच्या आत असलेल्या अर्जाला सहसा पैसे मिळत, हा सत्तर-पंचाहत्तर वर्षांचा प्रघात होता. त्याच नोव्हेंबरमध्ये एनआयएचने अशा ठोक रेषा वापरणेही बंद करण्याचे जाहीर केले. गुणांबरोबर संस्थेचे अग्रक्रम, संशोधकाच्या कारकिर्दीचा टप्पा आणि भौगोलिक वाटप यांचाही विचार व्हावा, असे नवे धोरण आहे. त्याआधी १ ऑक्टोबर ते १२ नोव्हेंबर अशी ४३ दिवसांची सरकारी टाळेबंदी झाली, तीतही अभ्यासगटांच्या बैठका पुढे ढकलल्या गेल्या.

बंद खोलीतल्या बैठकीत निदान पंचवीस जणांची नावे प्रसिद्ध असतात, हितसंबंध असलेल्याने बाहेर जायचे असते, आणि अर्जदाराच्या हाती कारणांचा कागद पडतो. वरच्या अधिकाऱ्याच्या टेबलावर होणाऱ्या तपासणीला बैठक म्हणत नाहीत, त्यामुळे तिची पंधरा दिवस आधी सूचना द्यावी लागत नाही. १९७२ आणि १९७६ चे कायदे करणाऱ्यांनी समित्यांचा विचार केला होता. एकट्या माणसाचा नव्हे.